काशीत सूर्य पाण्यात बुडत नाही

संपादक महाशयांनी पत्रात लिहिलंय, 'गंगेवरच्या सूर्यास्ताच्या रम्य आठवणी पाठवा.' रम्य! छत्तीस वर्षं मी बनारसला गाइडचं काम केलं, त्यातली निम्मी होडीत बसून. रम्य आठवणी हव्या असतील तर होडीत बसून गेलेल्या पाहुण्यांना विचारा, त्यांच्याकडे अल्बम भरून असतील. माझ्याकडे जी आठवण आहे तिने अजून माझं डोकं तापतं, आणि मी तीच लिहिणार आहे. छापायची तर छापा.

आधी धंदा समजून घ्या. मी काशीतल्या दूधविनायक मोहल्ल्यातली. आमच्या घराला चार पिढ्या काशीत झाल्या, मराठी बोलतो ती घरात, उंबऱ्याबाहेर हिंदी. परीक्षा देऊन गाइडचा बिल्ला मिळवला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "आता परक्या माणसांना घेऊन नावेत हिंडणार का तू?" हिंडले. संध्याकाळची माझी फेरी ठरलेली असे. सहाच पाहुणे, एकच नाव, ब्रह्मा घाटावरून निघायचं. सहा का, तर सातवा बसला की नाव एका अंगाला कलते आणि मग मी बोलत असताना लोक माझ्याकडे न बघता पाण्याकडे बघतात. स्थूल माणूस मधल्या फळीवर, चपला टोपलीत, आणि उभं कुणी राहायचं नाही. जाताना काठाला धरून, कारण तिथे धार मंद. वारा पाठीशी असला तर नावेचा मालक आणि माझा नेहमीचा नावाडी रामजतन शीड चढवायचा, ठिगळाठिगळांचं, आणि वल्हं आडवं ठेवून मजेत पान जमवायचा.

आणि सूर्यास्त. आता हे नीट ऐका, कारण सगळ्या भांडणाचं मूळ इथेच आहे. काशीचे घाट पूर्वेकडे तोंड करून बसलेत. सूर्य उगवतो तो पाण्यापलीकडे, रेतीवरून. मावळतो तो आमच्या पाठीमागे, गल्ल्यांच्या आणि देवळांच्या मागे. त्यामुळे सूर्यास्त बघायचा तर नदी ओलांडून पलीकडच्या रेतीवर जायचं आणि तिथून मागे वळून शहराकडे बघायचं. सगळे कळस काळे होतात, मधून तांबडं ऊन निसटतं, आणि मग एकेक दिवा लागतो. मी शेकडो वेळा पाहिलं असेल, एकदाही कंटाळा आला नाही. पण सूर्य पाण्यात बुडत नाही हो! काशीत नाही बुडत!

मुंबईची एक कंपनी होती, नाव लिहीत नाही, माझ्याकडे पाहुणे पाठवायची. त्यांचं एक रंगीत माहितीपत्रक असे. त्यात एके वर्षी छापून आलं, 'छोट्या गटासाठी शिडाच्या होडीतून सफर, सूर्याला पाण्यात बुडताना पाहा, आणि तोंडाला नळी लावून पाण्याखालच्या रंगीबेरंगी माशांच्या दुनियेत तरंगा.' मी वाचून गारच पडले. फोन लावला. मॅनेजर हसून म्हणतो, "अहो मॅडम, तो बेटांवरच्या टूरचा मजकूर आहे, आमच्या ऑफिसातल्या मुलीने बनारसच्या पानावर चिकटवला. पुढच्या छपाईला काढू." मी म्हटलं, "आणि या छपाईचं काय?" तर म्हणे, "कोण वाचतं एवढं?"

पुण्याची माणसं वाचतात.

माघातला गट होता, सहाही जण पुण्याचे. त्यातले एक गृहस्थ साठीच्या पुढचे, आयुष्यभर एका कारखान्यात कामगारांना सुरक्षिततेचे धडे दिलेले. मी त्यांना मनात नळीवाले काका म्हणते, कारण घाटाच्या पायऱ्या उतरले तेच हातात नळी आणि काचेचा मुखवटा घेऊन. बायको मागे, हातात त्यांचा टॉवेल. रामजतनने ते सामान उलटंसुलटं करून पाहिलं.

"दीदी, ई का हौ?"

मी सांगितलं. तो एवढा हसला की पान सांडलं. मग काकांकडे बघून हात जोडून म्हणाला, "बाबूजी, इहाँ पानी में ना उतरल जाई. रेती क किनार धोखा देला." मी मराठीत समजावलं, की पलीकडे रेतीची कड दिसते सपाट, पण पाऊल टाकलं की ढासळते आणि खाली एकदम डोह. आणि पाणी गढूळ, हात पुढे धरला तर बोटं दिसत नाहीत, मासे कुठले बघता?

काकांनी पिशवीतून माहितीपत्रक काढलं. "छापलंय ना? मग सोय करणं तुमचं काम. आणि तुमची मराठी जरा हिंदीच वाटते हो."

ऐकलंत? मी म्हटलं, काका, हिंदी असो की फारशी, बुडायचं नाही एवढा अर्थ कळला ना. बाकीचे हसले. त्यांची बायको, त्यांना मी काकू म्हणते, हळूच म्हणाल्या, "ठेवा ना ते पिशवीत." त्यांनी ठेवलं. मला शब्द दिला. सुरक्षिततेचे धडे देणाऱ्या माणसाचा शब्द मी खरा धरला.

पलीकडे पोचलो. रामजतन आणि त्याचा मोठा भाऊ रेतीत बांबू ठोकून नाव बांधत होते. पाच जणांना मी खाली उतरवलं, शहराकडे तोंड करून उभं केलं. आता जरा मी उभी कशी होते ते सांगते. नाव माझ्या आणि पाण्याच्या मधे. माझा चेहरा पाहुण्यांकडे, पाठ नदीकडे, कारण बोलायचं तर माणसांकडे बघूनच बोलावं लागतं. काका म्हणाले, गुडघे दुखतात, मी नावेतूनच बघतो. मी बोलायला लागले, कुठला कळस कुठल्या देवळाचा. सूर्य अगदी छपरांना टेकला. तेवढ्यात काकू ओरडल्या. त्या एकट्याच सूर्याकडे बघत नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या. चाळीस वर्षं संसार केलेली बाई, तिला ठाऊक होतं.

मी वळले तर नावेत टॉवेल आणि चष्मा. नदीच्या अंगाने उतरले होते साहेब. पाण्यावर नळीचं टोक दिसलं, लाल रंगाचं, आणि गेलं.

रामजतन बांबू सोडून कुर्त्यासकट पाण्यात. बुडी मारली, वर आला तो हातात नुसता मुखवटा. तो त्याने काठावर भिरकावला आणि पुन्हा खाली गेला. त्या वेळेत मी काय केलं? काकूंना घट्ट धरून उभी राहिले आणि मनातल्या मनात संकठा देवीला हाका मारल्या. दुसऱ्या वेळी तो वर आला तो प्रवाहाबरोबर किती तरी खाली, पार धारेत, आणि काखेत काका. भावाने नाव तिकडे नेली, वल्हं पुढे केलं. नावेत पालथं घालून पाणी काढलं, पाठ चोळली. काका ओकले, खोकले, डोळे उघडले. पहिला शब्द "चष्मा" हा निघाला. मी रडत होते आणि मला त्या शब्दाने हसूही आलं.

इथे एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्याच्या दहाएक वर्षं आधी संकठा घाटावर एक यात्रेकरू बाई पाय घसरून पाण्यात पडली होती. रामजतननेच काढली. मी उत्साहाने तिच्या मुलांना त्याचं नाव सांगितलं. ते शाल, मिठाई, हार घेऊन आले, तर हा गायब. दोन दिवस घाटावर फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील आमच्या दारात. आत या म्हटलं तर आले नाहीत. म्हणाले, "बिटिया, मइया जेके लौटा दें, ओकर निकालेवाला केहू नाहीं होत. नाम लेबू त हाथ क हुनर चल जाई." म्हणजे, गंगेने ज्याला परत दिलं, त्याला काढणारा कुणी नसतो. मी काढलं म्हटलं की पुढच्या खेपेला हात रिकामा वर येतो. त्यांच्या घराण्यात बाप, आजा, कुणीही कधी बोललं नव्हतं. मी म्हाताऱ्याच्या पाया पडले आणि शब्द दिला, पुन्हा नाव घेणार नाही.

आता चला चौकीत. काठावर इतकी माणसं जमली होती की पोलीस आले, आणि आम्हाला सगळ्यांना नेलं. काका घोंगडीत गुंडाळलेले, चहा पीत. तोवर कुणी तरी हॉटेलातून मुंबईला कळवलं होतं आणि मॅनेजरचा चौकीतच फोन आला. काकांशी तो बराच वेळ बोलला. मग काकांनी कागद मागवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, की पाणी उथळ आहे असं नावाड्याने सांगितलं म्हणून मी उतरलो, पुढचं आठवत नाही.

मी ताडकन उठले. "काका, खोटं लिहिताय तुम्ही!"

"तुमची पाठ होती ना माझ्याकडे?" ते खाली बघतच म्हणाले.

ते मी नाकारू शकत नव्हते. उडी कुणाच्या सांगण्यावरून मारली, हे मी पाहिलेलं नव्हतं. निघताना घाटावर रामजतनने हात जोडून नाही म्हटलं होतं, ते सांगितलं. चौकीचे फौजदार, दरोगाजी, म्हणाले, "वो घाट की बात है, हम रेती की पूछ रहे हैं." आणि काकू? काकू कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. नवऱ्याने लिहिलं ते त्यांनी पाहिलं. बोलल्या नाहीत.

मग दरोगाजींनी रामजतनला विचारलं, "आदमी डूब रहा था, तो निकाला किसने?"

अंगावर ओला कुर्ता, थंडीने दात वाजताहेत, आणि हा म्हणतो, "साहब, गंगा मइया निकाल दिहलिन." भाऊही तेच म्हणाला. दरोगाजींनी माझ्याकडे पाहिलं. "आप बताइए, मैडम. आप तो पढ़ी-लिखी हैं."

आणि मी पढी-लिखी बाई काय म्हणाले? म्हणाले, "जी, गंगा मइया ने ही."

त्या क्षणी मला अभिमान वाटला हो! खोटं कशाला सांगू. वाटलं, ही पुण्याची माणसं काय समजणार, मी या घाटाची आहे, मला इथली रीत कळते, मी म्हाताऱ्याला दिलेला शब्द पाळला. रामजतनने पण माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. मी घरी येऊन नवऱ्याला कौतुकाने सांगितलं. आग लागो त्या कौतुकाला.

दरोगाजींनी लिहिलं ते असं. प्रवासी पाण्यात पडला, नावाड्याने काहीही केलं नाही, काढणारा अज्ञात. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रह्मा घाटावर रामजतनच्या नावेला साखळी घातली, कुलूप ठोकलं, वर लाखेची मोहोर. चौकशी पुरी होईपर्यंत नाव हलवायची नाही. साखळी हातभर लांब, खालच्या पायरीतल्या लोखंडी कडीला. पुण्याचा गट त्याच दिवशी विमानाने गेला. काचेचा मुखवटा रेतीवर राहिला होता, तो मी उचलून आणला, का ते मला माहीत नाही.

मला वाटलं, आठवड्यात सुटेल. होळी झाली तरी नाव तिथेच. रामजतन दुसऱ्यांच्या नावेवर रोजाने वल्हं मारायला लागला. स्वतःची नाव डोळ्यांसमोर, आणि हा परक्याच्या फळीवर. एके दुपारी त्याची बायको फूलमती आमच्याकडे आली. जिन्यात उभी राहिली आणि तिने मला जे सुनावलं ते माझ्या आईनेही कधी सुनावलं नव्हतं.

"दीदी, तू काहें चुप रहलू?"

मी रीत सांगायला लागले. तिने हात उडवला. "रीत ओनकर हौ, तोहार नाहीं! जे निकाले ऊ चुप रहे. जे देखे, ऊ त बोली न?"

जो काढतो त्याने गप्प राहायचं. ज्याने पाहिलं त्याने बोलायचं. एवढी साधी गोष्ट! म्हाताऱ्याने मला गावभर नाव मिरवू नको म्हटलं होतं, चौकीत माणसावर बालंट आलं तर तोंड शिवून बस असं नव्हतं म्हटलं. मी परक्याची रीत अंगावर दागिन्यासारखी घातली आणि मिरवली. चार पिढ्या काशीत राहून मला एवढंही कळलं नाही, याची मला आजही चीड येते, आणि ती काकांवरच्या चिडीहून कमी नाही.

मग मी उठले. चौकीत गेले तर म्हणे, बयान झालंय, बदलायचं तर अर्ज करा. अर्ज केला. म्हणे, आधी एक बोललात, आता दुसरं बोलताय, कुणी शिकवलं? दुसरा साक्षीदार आणा. मी पुण्याला काकांना पत्र लिहिलं. कडक लिहिलं, सुरक्षिततेच्या धड्यांचीही आठवण करून दिली. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. ज्येष्ठात एक लिफाफा आला, अक्षर वळणदार नव्हतं, थरथरतं होतं. काकूंचं.

'तुमची दोन्ही पत्रं यांनी कपाटात ठेवली होती, मला आज सापडली. माझ्या नवऱ्याने आपण होऊन उडी मारली. नावाड्याने दोनदा बुडी मारून त्यांना काढलं. मी पाहिलं. तेव्हा बोलले नाही, त्याची मला लाज वाटते. हे पत्र तुम्ही हवं तिथे दाखवा.'

मी ते पत्र हातात घेऊन जिन्यातच बसले. आम्ही दोघी बायका, दोघींनी पाहिलेलं, दोघी गप्प. निदान तिला नवऱ्याची भीड होती. मला कुणाची होती?

पण सरकारी गाडा! पत्र मराठीत, त्याचं हिंदी करा. हिंदीवर शिक्का घ्या. साहेब रजेवर, साहेबांची बदली, नवे साहेब फाइल वाचताहेत. आषाढ उलटला आणि गंगा चढायला लागली.

गंगा चढते तेव्हा नावाडी काय करतात ठाऊक आहे? रोज सकाळ-संध्याकाळ नाव एक-दोन पायऱ्या वर घेतात. पाणी वर, नाव वर. सोडून ठेवलेली नाव तरंगत राहते, पण हातभर साखळीने खालच्या पायरीला बांधलेली नाव वर येणार कशी? श्रावणातल्या एका दुपारी मी धावत घाटावर गेले तेव्हा नावेचं नाक खाली ओढलं गेलं होतं आणि मागचा भाग वर उचलला होता. साखळी पाण्याखाली. रामजतनचा भाऊ घण घेऊन उभा, आणि पायरीवर एक शिपाई. "मोहर सरकारी है, हाथ लगाया तो अंदर."

मी त्या शिपायाला काय काय बोलले ते छापण्याजोगं नाही. हातापाया पडले, माझा बिल्ला दाखवला, म्हटलं मला आत टाक, नाव सोड. तोही बिचारा हुकमाचा ताबेदार. म्हणाला, "मैडम, आर्डर ले आइए." रामजतन वरच्या पायरीवर बसला होता. लोक म्हणत होते, तोड रे तोड. तो एवढंच म्हणाला, "तोड़ब त कहिहें, चोर रहल." तोडली तर म्हणतील, हा चोरच होता.

नावेत पाणी शिरलं ते पुढून. शीड गुंडाळून ठेवलं होतं ते सुटलं आणि पाण्यावर पसरलं. मग फळ्या कडकडल्या. ज्या माणसाने परक्यासाठी दोनदा बुडी मारली, त्याची स्वतःची नाव चार हातांवर बुडत होती आणि त्याला हात लावायची मनाई.

तीन दिवसांनी आर्डर आली. 'नाव मालकास सुस्थितीत परत द्यावी.' सुस्थितीत! मी ती घाटावर वाचून दाखवली. खाली गढूळ पाण्याशिवाय काही नव्हतं. रामजतनने कागद घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि मला म्हणाला, "दीदी, भींज जइबू, घर जा." पाऊस येत होता म्हणून. माझ्यावर एका शब्दाने रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. आश्विनात पाणी उतरलं तेव्हा कडीला साखळी होती, साखळीला कुलूप होतं, आणि नंबर लिहिलेली एक फळी.

पुढच्या वर्षी मुंबईहून नवं माहितीपत्रक आलं. मुखपृष्ठावर मोठा फोटो, शीड चढवलेली नाव, मागे तांबडं आभाळ. ठिगळांवरून मी ओळखली. कुणा पाहुण्याने कधी तरी काढलेला फोटो असणार. खाली तीच ओळ, सूर्याला पाण्यात बुडताना पाहा, पाण्याखालच्या दुनियेत तरंगा. फोन केला तर मॅनेजर म्हणतो, "फोटो झकास आलाय ना, मॅडम?" मी त्याला जन्मभर पुरेल एवढं ऐकवलं आणि त्या कंपनीचं काम सोडलं.

ते पत्रक मी फाडणार होते. रामजतनने ते माझ्या हातात पाहिलं आणि मागून घेतलं. बराच वेळ बघत राहिला, बोटाने शिडावरची ठिगळं मोजल्यासारखा. मग म्हणाला, "इहै एक ठे फोटो हौ ओकर. लिखल हिस्सा काट दा, दीदी, बाकी हमके दे दा."

त्याच्या नावेचा तेवढा एकच फोटो होता. मी घरून कात्री आणून, घाटाच्या पायरीवर बसून, ती अक्षरं कापली. फोटो त्याच्या घरी देवाशेजारी लावलेला आहे. कापलेली पट्टी माझ्याकडे आहे, त्या मुखवट्याबरोबर.

रामजतन आता थकलाय. परक्याची नावही हाकत नाही, ब्रह्मा घाटावर ऊन खात बसतो. अजून कुणी विचारलं तर मइयाच म्हणतो, आणि तसंच म्हणू दे त्याला. त्याची रीत त्याच्याजवळ. मी चौकीत द्यायचं बयान इथे देते आहे, उशीर झालाय हे कबूल करून, आणि संपादक महाशय, यातला एक शब्दही कापू नका. माघातल्या त्या संध्याकाळी, सूर्य शहरामागे जात असताना, तो पुण्याचा माणूस आपण होऊन पाण्यात उतरला. त्याला रामजतनने काढलं. पहिल्या बुडीत नाही सापडला, दुसऱ्या बुडीत सापडला. मी तिथे होते. मी पाहिलं.